डोंगरउतारावरचे झाड कोणाचे?

जून महिन्यात पहिल्या दमदार सरी कोसळल्या की सह्याद्रीच्या उघड्या उतारांवरून ओढे तांबडे होऊन वाहू लागतात. त्या तांबड्या पाण्यात डोंगरावरच्या शेतकऱ्याची वरकस जमीन वाहून चाललेली असते, हे खाली सपाटीवर राहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. नाचणी आणि वरी पिकविणाऱ्या या जमिनीत झाड उभे राहिले तर त्याची मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळा कुजून जमिनीला कस देतो, जळणासाठी आणि गुरांच्या चाऱ्यासाठी करावी लागणारी पायपीट वाचते. आणि पावसाने दगा देऊन पीक बुडवले तरी झाड काहीतरी हाती ठेवते. पीक आणि झाड यांचा संसार एकाच शेतात मांडण्याच्या या पद्धतीला वनशेती किंवा कृषिवानिकी असे नाव आता मिळाले आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये भारत सरकारने तिच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारा भारत हा जगातील पहिला देश मानला जातो.

धोरण नवे असले तरी कल्पना नवी नाही. डोंगरावरच्या लोकांनी झाड राखून शेती करावी, यासाठी त्यांना कोणी शिकवायला गेले नव्हते. सरकारने मात्र अशा शेतकऱ्याला हाताशी धरून, त्याच्या पिकाबरोबर जंगल वाढविण्याचा पद्धतशीर उद्योग प्रथम केला तो दीड शतकाहून अधिक काळापूर्वी, ब्रह्मदेशातील पेगूच्या डोंगरांत. त्या प्रयोगाचे कर्ते डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होत. वनखात्यातील माणसाला हे नाव गुरुस्थानी आहे. भारताचे पहिले वनमहानिरीक्षक, वनविषयक कायद्यांचे एक प्रमुख शिल्पकार, डेहराडूनच्या वनविद्यालयाचे जनक, अशी त्यांची ओळख सांगितली जाते. तथापि आज त्यांच्या चरित्राकडे वळायचे ते वेगळ्या कारणासाठी. डोंगरावर भात पेरणारा आणि झाड लावणारा हा एकच माणूस असू शकतो, हे ब्रँडिस यांनी ओळखले. त्या झाडावर त्या माणसाचा काही हक्क असावा, ही गोष्ट मात्र त्यांच्या योजनेत बसली नाही. वनशेतीचा आजचा सगळा प्रश्न या दोन गोष्टींमधल्या अंतरात सामावलेला आहे.

अध्यापकाचा वनाधिकारी

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन येथे झाला. वडील ख्रिश्चन ऑगस्ट ब्रँडिस हे तत्त्वज्ञानाचे नामांकित प्राध्यापक. ग्रीसचा तरुण राजा ओटो याने त्यांना सल्लागार म्हणून बोलावून घेतले, त्यामुळे डीट्रिखच्या बालपणाची काही वर्षे अथेन्समध्ये गेली. पुढे कोपनहेगन, गॉटिंगेन आणि बॉन येथे त्यांचे शिक्षण झाले. १८४८ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते बॉनच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. त्या शांत विद्यापीठनगरीत त्यांचे आयुष्य ग्रंथ आणि वाळविलेल्या वनस्पतींचे नमुने यांच्या सहवासात सरले असते, तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते.

त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते विवाहाने. १८५४ मध्ये त्यांनी रेचेल या विधवेशी विवाह केला. श्रीरामपूरच्या प्रसिद्ध मिशनऱ्यांपैकी एक, जोशुआ मार्शमन यांची ती कन्या. हे बंगालमधील श्रीरामपूर मराठी वाचकाला परके नाही, कारण विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ मध्ये तेथेच छापले गेले. रेचेलचे पहिले पती फॉइग्ट हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि तिची एक बहीण इंग्रज सेनानी हॅवलॉक यांची पत्नी होती. या आप्तसंबंधांतून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत पोहोचले. जानेवारी १८५६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, या अध्यापकाने पेगूच्या सागवानी जंगलांचा अधीक्षक म्हणून कामाची सूत्रे हाती घेतली.

पेगूचा साग

एका वनस्पतिशास्त्रज्ञाची सरकारला एवढी निकड का भासावी, याचे उत्तर सागाच्या लाकडात होते. जहाजबांधणीसाठी इंग्लंडमधील ओक अपुरा पडू लागला होता. मलबारचा साग तोडून तोडून विरळ झाला होता. १८२६ मध्ये इंग्रजांच्या हाती आलेल्या तेनासेरीमची जंगले खासगी व्यापाऱ्यांना मोकळी करून दिली गेली, आणि काही दशकांतच ती उजाड झाली. १८५२ च्या युद्धानंतर पेगूचा प्रांत इंग्रजी राज्यास जोडला गेला, तेव्हा तेनासेरीमची पुनरावृत्ती होऊ द्यायची नाही असे डलहौसींनी ठरविले. ऑगस्ट १८५५ च्या त्यांच्या निवेदनाने पेगूतील साग ही सरकारची मालमत्ता ठरली. इकडे हिंदुस्थानात १८५३ पासून रेल्वे धावू लागली होती आणि रुळांखाली घालण्याच्या लाकडी स्लीपरांची भूक दरवर्षी वाढत जाणार होती.

जंगलात साग आहे तरी किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ब्रँडिस यांनी ते मोजण्याची जी रीत काढली, ती वनशास्त्राच्या इतिहासात नमूद झाली आहे. हत्तीवर बसून ते ठरावीक रेषेने जंगल कापीत जात. डाव्या हातात काही काड्या आणि उजव्या हातात चाकू. प्रत्येक काडी झाडांच्या एकेका घेराच्या वर्गाची. दृष्टीच्या टप्प्यात सागाचे झाड आले की त्या वर्गाच्या काडीवर एक खाच पडे. पावसात कागद भिजला असता. काडीवरची खाच पुसली जात नसे. दिवसभराच्या खाचांवरून त्या पट्ट्यातील लहानमोठ्या झाडांचा हिशेब लागे, आणि खालच्या वर्गातील जितकी झाडे दरवर्षी वरच्या वर्गात जातील तितकीच पूर्ण वाढलेली झाडे तोडावीत, असा नियम त्यातून निघाला. मुद्दल शाबूत ठेवून केवळ व्याजावर जगण्याचा हा गृहस्थाचा नियम होता. व्यापाऱ्यांना तो जाचक वाटला आणि जंगल खुले करण्यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. परंतु ब्रँडिस बधले नाहीत. तेनासेरीमचे जे झाले ते पेगूचे झाले नाही, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

करेन आणि टाँग्या

पेगूच्या डोंगरांत व्यापाऱ्यांशिवाय आणखी एक पक्ष होता, आणि तो तेथे इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून राहत होता. हे डोंगरी करेन लोक होत. त्यांच्या शेतीला टाँग्या म्हणत. ब्रह्मी भाषेत टाँग म्हणजे डोंगर आणि या म्हणजे शेत. पावसाळा सरला की उतारावरचा एक तुकडा निवडायचा, त्यावरचे बांबू आणि झाडे तोडून वाळू द्यायची, उन्हाळ्याच्या अखेरीस ती पेटवायची, आणि पहिला पाऊस झाला की राखेने कसदार झालेल्या मातीत टोकदार काठीने भोके पाडून भात टोकायचा. भाताबरोबर कापूस, तीळ, मिरची आणि भाजीपालाही असे. एखाददुसऱ्या हंगामानंतर तो तुकडा सोडून पुढच्या तुकड्यावर जायचे. सोडलेल्या जमिनीवर बांबू पुन्हा माजे आणि बऱ्याच वर्षांनी, ती सावरली की, करेन कुटुंब तेथे परत येई. कोकणातील कुमरी, मध्य प्रांतातील बेवर या याच कुळातल्या पद्धती.

वनाधिकाऱ्याच्या डोळ्यांना मात्र या शेतीत फक्त जळणारा साग दिसे. आरंभी ब्रँडिस यांच्या खात्यानेही दंडुक्याचाच मार्ग धरला. साग जाळल्याबद्दल करेन लोकांवर खटले भरण्यात आले. पण दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या वस्त्यांवर पहारा ठेवणे मूठभर अधिकाऱ्यांच्या आवाक्यातले नव्हते, आणि शेती सोडून जगायचे कशावर याचे उत्तर कायद्याजवळ नव्हते. दुसरीकडे खात्याने मजूर लावून सागाची लागवड करावी म्हटले तर खर्च परवडत नव्हता. बांबूच्या गच्च सावलीत सागाची रोपे जगतही नव्हती.

या दोन अडचणी एकमेकींच्या समोर ठेवल्या तेव्हा ब्रँडिस यांना त्यांतच उपाय सापडला. सागाच्या रोपाला हवे असते ऊन, मोकळी जमीन आणि पहिल्या दोन वर्षांत तणापासून संरक्षण. करेन शेतकरी भातासाठी नेमके हेच करीत होता. तो जंगल साफ करीत होता, राख देत होता, भाताची बेणणी करीत होता. त्याने भाताच्या ओळींमध्ये सागही लावावा, एवढेच त्याला सांगायचे होते. त्याच्या मोबदल्यात त्याला ती जमीन विनातक्रार कसू द्यायची, करात सूट द्यायची आणि जगलेल्या रोपांच्या संख्येवर पैसे मोजायचे, अशी योजना ठरली. भाताची बेणणी होता होता सागाची बेणणी आपोआप होई. शेतकरी पुढच्या तुकड्यावर गेला की मागे सागाची बाग उभी राही.

करेन लोकांनी ही योजना लगेच स्वीकारली नाही. काही भागांत कित्येक वर्षे विरोध झाला. हळूहळू एकेक वस्ती तयार होत गेली आणि पुढील काही दशकांत पेगूच्या डोंगरांत सागाच्या अशा लागवडी ठिकठिकाणी दिसू लागल्या. झाड आणि पीक यांचे वैर नाही, एकाची मशागत दुसऱ्याच्या उपयोगी पडते, हे सरकारी पातळीवर प्रथमच सिद्ध झाले. वनशेतीच्या शास्त्रीय इतिहासाचा आरंभ म्हणून टाँग्याकडे बोट दाखविले जाते ते यामुळेच.

हिशेबातली राहिलेली बाजू

तथापि या व्यवहाराचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून पाहिला पाहिजे. सरकारला अल्प खर्चात साग मिळाला. करेन शेतकऱ्याला एका-दोन हंगामांचे भात, थोडे रोख पैसे आणि खटल्यांपासून सुटका मिळाली. पण त्याची मूळ शेती उभी होती ती परत येण्याच्या हक्कावर. सोडलेल्या जमिनीवर बांबू वाढला तर काही वर्षांनी तो पुन्हा तोडता येतो. तिथे सरकारचा साग वाढला, तर तो तोडणीला येईपर्यंत शेतकऱ्याच्या दोन-तीन पिढ्या उलटतात. आणि तोडणीला आल्यावरही तो शेतकऱ्याचा नसतो. लावलेले प्रत्येक रोप म्हणजे त्या कुटुंबाच्या फेऱ्यातून कायमचा वजा झालेला जमिनीचा तुकडा होता. जितकी लागवड यशस्वी, तितके डोंगरावरचे शेत कमी. ज्याच्या कष्टाने जंगल उभे राहिले, तोच त्या जंगलात उपरा ठरला.

फिरत्या शेतीने जंगल उद्ध्वस्त होते, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. परंतु जमिनीला विसावा पुरेसा मिळतो तोवर ही शेती डोंगराला सोसते. विसाव्याची वर्षे घटली की माती उघडी पडते. आणि ती वर्षे घटतात तेव्हा त्याचे एक मोठे कारण बहुधा हेच असते की, फिरायला उरलेली जमीन राखीव जंगलाच्या खुणांनी चहूबाजूंनी वेढली गेलेली असते.

ग्रामवनांचा पक्ष

१८६२ मध्ये ब्रँडिस यांना हिंदुस्थान सरकारने बोलावून घेतले आणि १८६४ मध्ये ते भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८६५ मध्ये पहिला वनकायदा झाला. १८६६ पासून तरुण उमेदवार जर्मनी आणि फ्रान्समध्ये वनशास्त्राच्या शिक्षणासाठी पाठविले जाऊ लागले. श्लिख आणि रिबेनट्रॉप हे दोघे जर्मन सहकारी त्याच सुमारास आले आणि पुढे क्रमाने त्यांच्या पदावर बसले. १८७८ मध्ये डेहराडून येथे वनविद्यालय सुरू झाले. या वीस वर्षांत ब्रँडिस यांनी हिमालयापासून दक्षिणेपर्यंत देशातली जंगले पालथी घातली. १८७४ मध्ये वायव्य आणि मध्य हिंदुस्थानातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

या भ्रमंतीत एक गोष्ट त्यांच्या मनावर ठसली. कूर्ग, खासी टेकड्या, राजपुताना अशा परस्परांपासून दूर असलेल्या मुलखांत त्यांना देवाच्या नावाने राखलेली वने आढळली. महाराष्ट्रात त्यांनाच देवराई म्हणतात. जेथे कोणताही रखवालदार नव्हता तेथे गावाने आपले झाड पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते. युरोपातही अनेक खेड्यांची स्वतःची सामायिक वने होती आणि ती उत्तम राखली जात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले होते. त्यामुळे सरकारी राखीव वनांच्या बरोबरीने गावोगावी ग्रामवने असावीत, त्यांतून गावाला जळण, चारा, इमारती लाकूड मिळावे, आणि त्यांची व्यवस्था गावानेच शिकून घ्यावी, असा पक्ष ते मांडू लागले. पेगूमध्ये जी गोष्ट त्यांच्या हिशेबातून सुटली होती, तिच्याजवळ ते आता येऊन पोहोचले होते.

परंतु १८७० च्या दशकात नव्या वनकायद्यावर जो वाद झाला, त्यात दुसरा पक्ष वरचढ ठरला. राजाने स्पष्टपणे दिले नसेल ते सर्व सरकारचे, लोकांचा वापर म्हणजे केवळ सवलत, असा तो पक्ष होता आणि बेडन-पॉवेल हे त्याचे प्रमुख पुरस्कर्ते होते. मद्रासच्या अधिकाऱ्यांनी याच्या अगदी उलट, जंगल हे गावांचेच आहे, असे मत दिले. ब्रँडिस यांनी मधला मार्ग सुचविला. १८७८ चा कायदा झाला तेव्हा ग्रामवनांचे कलम त्यात राहिले, पण बव्हंशी कागदावरच. राखीव वनांचे क्षेत्र मात्र झपाट्याने वाढत गेले. कायद्यावर ठसा ब्रँडिस यांच्या नावाचा आणि अंमल दुसऱ्याच विचाराचा, असा हा विचित्र प्रकार झाला.

पुण्यातून उठलेला आवाज

या कायद्याचे परिणाम महाराष्ट्राला लवकरच जाणवले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मसुद्याच्या वेळीच आक्षेप नोंदविला होता. गावकऱ्यांना विश्वासात घेतले, झाडे राखणाऱ्यांचे कौतुक करून त्यांना मोबदला दिला, तर शिक्षेच्या धाकापेक्षा जंगल अधिक चांगले राहील, असा सभेच्या म्हणण्याचा आशय होता. मुंबई इलाख्याचे सरकार किंवा कलकत्ता-सिमल्याचे अधिकारी यांपैकी कोणीही त्याकडे गांभीर्याने पाहिले नाही.

महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पूर्ण केला. ज्या अल्पभूधारकाचे केवळ शेतावर भागत नाही, तो पूर्वी रानातली फळे, फुले, पाने आणि वाळलेले लाकूड यांवर आणि गायरानात चरणाऱ्या दोन-चार जनावरांवर कसा तग धरीत असे, आणि वनखात्याने डोंगर व गायराने बंद केल्यावर त्याची कशी कोंडी झाली, हे त्यांनी तेथे मांडले. डोंगरावरून वाहून येणारा पालापाचोळा आणि गाळ शेतात अडून जमिनीचा कस वाढावा म्हणून ताली-बंधारे घालण्याचाही त्यांचा आग्रह होता. रान आणि शेत हे एकाच संसाराचे दोन भाग आहेत, हे फुले यांना वनस्पतिशास्त्र न शिकताही स्वच्छ दिसत होते. योगायोग असा की, त्याच १८८३ साली ब्रँडिस सेवानिवृत्त होऊन मायदेशी परतले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावरील बंधनांमुळे इतका असंतोष माजला की, १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

अखेरची वर्षे

बॉनला परतल्यावरही ब्रँडिस स्वस्थ बसले नाहीत. १८८७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. इंग्लंडमध्ये हिंदुस्थानच्या वनसेवेसाठी तयार होणाऱ्या विद्यार्थ्यांना ते युरोपातील जंगले हिंडून दाखवीत. अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचॉट हे तरुणपणी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली शिकले. भारतातील वृक्षांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. २८ मे १९०७ रोजी बॉन येथे त्यांचे निधन झाले. व्यासंग, सचोटी आणि कष्टाळूपणा या गुणांबाबत त्यांच्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. म्हणूनच त्यांच्या योजनेतील उणीव ही एखाद्या लोभी अधिकाऱ्याची चूक म्हणून बाजूला सारता येत नाही. ती एका सज्जन, विद्वान माणसाच्या हातून, त्याने स्वीकारलेल्या चौकटीमुळे घडलेली आहे, आणि म्हणून अधिक विचार करायला लावणारी आहे.

टांगियांची गावे

टाँग्या पद्धत पेगूत थांबली नाही. चितगाव आणि उत्तर बंगालमध्ये ती गेली, दक्षिण हिंदुस्थानात गेली, आफ्रिकेतही पोहोचली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संयुक्त प्रांतात गोरखपूरच्या बाजूला सालवृक्षांची लागवड करण्यासाठी भूमिहीन कुटुंबांना जंगलात वसविण्यात आले. रोपांच्या ओळींमध्ये त्यांनी धान्य पिकवावे आणि रोपे वाढवावीत. झाडे मोठी झाली की पुढच्या तुकड्यावर जावे. करेन लोकांच्या शेताचे नावच या माणसांना चिकटले आणि ते वनटांगिया म्हणून ओळखले जाऊ लागले. १९८० च्या दशकात खात्याने हे काम थांबविले, तेव्हा ज्यांच्या आजोबांनी ते जंगल लावले होते ती माणसे कागदोपत्री अतिक्रमक ठरली. त्यांच्या वस्त्यांना गावाचा दर्जा नव्हता. त्यामुळे शाळा, रस्ता, पक्के घर या गोष्टी त्यांच्यापर्यंत येण्याला वाटच नव्हती. त्यांच्या वस्त्यांना महसुली गावांचा दर्जा मिळू लागला तो २०१७ पासून. पेगूच्या हिशेबातली राहिलेली बाजू भरून काढायला एवढी वर्षे लागली.

महाराष्ट्रातही याच्या जवळचे उदाहरण आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यातील ठाकूर आणि कातकरी कुटुंबांना वनजमिनीवर नाचणी पिकविण्यासाठी दिलेल्या दळी जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसल्या गेल्या, परंतु कसणाऱ्याची मालकी त्यातून सिद्ध झाली नाही. आपली नसलेल्या जमिनीवर, आपल्या हयातीत फळ न देणारे झाड कोणी लावावे, हा साधा प्रश्न अशा शेतकऱ्याच्या मनात उभा राहिला तर त्यात अडाणीपणा कोणता?

झाडाचा धनी

या प्रश्नाचे उत्तर ज्या ठिकाणी नीट दिले गेले, तेथे वनशेती रुजली. १९८२ मध्ये दक्षिण गुजरातेतील वासदा येथे ‘बाएफ’ या संस्थेने आदिवासी कुटुंबांसाठी वाडीचा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे तो जव्हारच्या डोंगराळ भागातही आला. सुमारे एक एकराच्या स्वतःच्या जमिनीत आंबा आणि काजू यांची कलमे, त्यांच्या मधल्या जागेत भात, नाचणी, भाजीपाला, आणि बांधावर जळण, चारा व इमारती लाकूड देणारी झाडे, असे त्याचे स्वरूप. शेतीच्या तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर करेन शेतकऱ्याच्या भातातला साग आणि जव्हारच्या नाचणीतला आंबा यांत फारसा फरक नाही. फरक एवढाच की, आंबा लावणाऱ्याचा आहे, आणि त्याची फळे लावणाऱ्याच्या हयातीत त्याच्या घरी येतात. म्हणूनच उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी वाहून नेऊन कलम जगविण्याचे कष्ट तो घेतो. १९९० पासून महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली, तिच्यामागचेही सूत्र हेच होते. खड्डा खणण्याची मजुरी सरकारकडून मिळावी आणि झाड मात्र शेतकऱ्याच्या मालकीचे राहावे.

कायद्यानेही अलीकडच्या काळात याच दिशेने काही पावले टाकली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याचा आणि गावाचा वनावरील अधिकार मान्य केला. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ब्रँडिस यांचे ग्रामवन १८७८ मध्ये कागदावर राहिले, ते असे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने प्रत्यक्षात उतरले. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेर वाढणारा बांबू कायद्याच्या व्याख्येतील झाडांतून वगळला गेला, आणि शेतकऱ्याला आपलाच बांबू तोडून विकण्यासाठी जी पायपीट करावी लागे ती कमी झाली. बांबू सुटला, परंतु आपल्या शेतात वाढविलेला साग किंवा खैर तोडायचा आणि न्यायचा झाल्यास आजही परवानग्यांचा प्रश्न उरतोच. तोडणी आणि वाहतूक यांचे नियम सुलभ करावेत, अशी शिफारस २०१४ च्या धोरणानेही केलेली आहे.

वनशेतीच्या प्रचाराचे काम करणाऱ्यांनी हे सर्व ध्यानात घेतले पाहिजे. कोणते झाड कोणत्या पिकाबरोबर लावावे, किती अंतरावर लावावे, कोणत्या उतारावर कोणते मूळ माती अधिक धरते, याची उत्तरे शास्त्र देऊ शकते आणि देत आहे. रोपे वाटण्याचे आकडे दरवर्षी अहवालांत छापले जातात. परंतु डोंगरउतारावर कष्ट करणाऱ्या माणसाच्या नावावर ती जमीन आहे की नाही, वनहक्काचा त्याचा दावा कोणत्या कचेरीत पडून आहे, आणि त्याने वाढविलेले झाड त्याला स्वतः तोडून विकता येईल की नाही, हे प्रश्न रोपवाटिकेत सुटणारे नाहीत. ते सातबाराच्या उताऱ्यावर आणि ग्रामसभेच्या ठरावांतच सुटू शकतात. हत्तीवर बसून पेगूचा एकेक साग मोजणाऱ्या ब्रँडिस यांच्या काड्यांवर झाडांच्या खाचा होत्या. भात पेरता पेरता ती झाडे लावणाऱ्या माणसांची त्या काड्यांवर एकही खाच नव्हती. आजच्या योजनांच्या कागदांवर तरी ती पडली पाहिजे, आणि रोपांच्या वाटपाआधी पडली पाहिजे.